टिचकी न मारता घेतलेला डबा

अण्णाचा विषय निघाला की मी आजवर त्याच्या टिचक्यांचे किस्से सांगून लोकांना हसवत आलो, आणि एका ठरावीक किश्शाजवळ पोचलो की उठून चहा सांगत आलो. राजूरच्या चढावर फियाट बंद पडली तो किस्सा केडगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यातला माझा भाग मात्र कोणालाच माहीत नाही. आता माझी पंचाहत्तरी उलटली, आणि ज्यांनी माझ्यावर रागवावं त्यांतले बरेचसे वर गेले. एवढी सोय झाल्यावर खरं बोलायला काही मोठं धैर्य लागत नाही. तरी सांगतो.

अण्णा कुठलीही वस्तू टिचकी मारल्याशिवाय घेत नसे. नगरच्या बाजारात त्याचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. तांब्याला चीर आहे की नाही हे टिचकीच्या आवाजावरून ओळखायचं, ही त्या धंद्याची रीतच. पण अण्णाने ती रीत दुकानाच्या बाहेर काढली आणि मोकाट सोडली. कलिंगडावर टिचकी, ठीक. नारळावरही ठीक. त्याने हेल्मेटवर टिचकी मारली, शाळेच्या नव्या फळ्यावर मारली, दातांच्या दवाखान्यात स्वतःची कवळी तोंडात घालायच्या आधी तिच्यावर मारली. त्याचा मोठा जावई पाहायला गेलो तेव्हा वहिनींनी मला मुद्दाम त्याच्या उजवीकडे बसवलं होतं. अण्णाने पोहे डाव्या हाताने खाल्ले, कारण त्याचं उजवं मनगट माझ्या हातात होतं. गावात त्याचं नाव टिचकीअण्णा पडलं आणि त्याला ते आवडायचं. किताब मिळाल्यासारखं.

आमच्याकडे काही मोठं घ्यायचं झालं तर जाणत्या माणसाला सोबत नेतात. बैल असो, शिवणयंत्र असो, सून असो. केडगावात तो मान अण्णाचा. त्याला नेणारा माणूस सकाळी निघायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने यायचा. “घाईत घेतलेलं आयुष्यभर आवाज करतं,” हे त्याचं आवडतं वाक्य. ते त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या वाक्याचाच आवाज व्हायला लागला होता. एका शेजाऱ्याने त्याला फ्रीज घ्यायला नेलं. दुकान पाहिलं तेव्हा उन्हाळा सुरू होता; फ्रीज घरी आला तेव्हा त्या घरात स्वेटर निघाले होते. फ्रीज चांगला निघाला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. अण्णाची हीच पंचाईत होती. तो डोकं खायचा, पण चुकायचा नाही.

मी त्याचा चौथीपासूनचा मित्र, पुढे हायस्कूलमध्ये विज्ञानाचा मास्तर झालो. त्यामुळे माझ्या खरेदीवर त्याचा विशेष डोळा. मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा जावई घरी आले, त्या दिवशी मी हौसेने नवा मिक्सर आणला होता. अण्णा आला, त्याने भांड्यावर टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि जावयांच्या देखत म्हणाला, “मास्तर, पोरांना धातू शिकवतो आन् सोता पत्रा घेऊन येतो व्हय रे?” जावई हसले. बायको हसली. मिक्सर चार महिन्यांनी चटणीसकट थांबला, तेव्हा बायको पुन्हा एकदा हसली. मी हसलो नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ठेवली होती.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर अण्णाने एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. फिकट निळी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगशेजारी गिअरचा दांडा असलेली. घेताना किती टिचक्या मारल्या ते विचारू नका. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या की एवढं तर आमच्या ह्यांनी कधी पेशंटला ठोकून पाहिलं नाही. गाडी देखणी होती, पण मागून काळा धूर सोडायची आणि पेट्रोल उसाच्या रसासारखं प्यायची. इस्माईलभाई मिस्त्री कार्ब्युरेटर खोलायचे, पेचकस फिरवायचे, कान लावायचे. गाडी आठवडाभर शहाण्यासारखी वागायची आणि पुन्हा धूर.

मग अण्णाला मोबाईलवर तो काटा सापडला. इंजिनात हवा किती आणि पेट्रोल किती जातंय, हे सायलेन्सरच्या नळीतल्या धुरावरून सांगणारा. नळीला भोक पाडून त्यात सेन्सर बसवायचा, तार आत आणायची, आणि काटा चालकासमोर. अण्णा त्याला ‘हवेचा काटा’ म्हणायचा. चूक माझीच. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा, चढावर मात्र पेट्रोल थोडं जास्त लागतं, नाहीतर इंजिन तापून जळतं, हे मीच त्याला खडूने ओट्यावर लिहून शिकवलं. त्यानंतर दोन वर्षं केडगावात शांतता नव्हती.

पहिले सहा महिने काटा की आकडा यात गेले. अण्णाने निकाल दिला, “आकडा बेशरम असतो, मास्तर. खोटं बोलताना पन ताठ उभा ऱ्हातो. काटा लाजतो, थरथरतो. काटाच घ्यायचा.” मग तबकडीतल्या दिव्याचा रंग. लाल, निळा की पांढरा, हे ठरवायला तो भर दुपारी गोधडीखाली मोबाईल घेऊन बसला. वहिनींना वाटलं थंडी वाजून ताप आला. त्यांनी वरून आणखी एक गोधडी टाकली.

खरा वाद दोन जातींचा होता. एक जात अरुंद नजरेची. ती फक्त ‘पेट्रोल जास्त’ किंवा ‘पेट्रोल कमी’ एवढंच सांगते. किती जास्त, किती कमी, ते तिला कळत नाही. दुसरी रुंद नजरेची. ती नेमकं प्रमाण सांगते. अण्णाने हे वहिनींना समजावलं ते असं : “आमटी चाखून एक सून म्हनती, खारट हाय. दुसरी म्हनती, चिमूटभर मीठ जास्त पडलं. आपल्याला दुसरी सून पायजे.” दोन्ही सुना स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या संध्याकाळी आमटीत मीठच नव्हतं.

अखेर निवड झाली. रुंद नजरेचा, पांढऱ्या तबकडीचा, काट्याचा. सेन्सरला पाच तारा असलेला. दोन वर्षांनी माणसाने एक वस्तू पसंत केली म्हणून मी पेढे वाटायचाच बाकी होतो. पण घरपोच मागवायला तो तयार नव्हता. “हातात न घेता घ्यायचं म्हंजी फोटोवरून पोरगी करन्यासारखं.” आणि नेमकं तेव्हाच घरात लग्न निघालं. थोरली नात ऋतुजा, राजूरला दिलेली. स्थळ अण्णानेच निवडलेलं, म्हणजे किती काळ ते आलंच. नातीची पाठवणी आपल्या फियाटमधून करायची, केडगावहून थेट राजूरपर्यंत, गाडी आपण स्वतः चालवायची, असा त्याचा हट्ट. शेवटी शेवटी राजूरचा चढ, त्यामुळे गाडीचं मिश्रण त्याआधी नेमकं लागलंच पाहिजे. पत्रिका वाटण्यात तो अडकला होता, आणि मी मुलीकडे पुण्याला निघालो होतो.

“तू आन, मास्तर,” तो म्हणाला. “काचंवर टिचकी मार. टन्न वाजलं पायजे. ठप वाजलं तर ठिवून दे.”

पुण्यातल्या दुकानात तो काटा नव्हता. चार दिवसांनी या, म्हणाले. पलीकडच्या दुकानात दुसरा होता. तशीच पांढरी तबकडी, तसाच काटा, पण जात अरुंद नजरेची. हिरव्यात गेला की पेट्रोल भरपूर, लालमध्ये गेला की कमी. बस्स. दुकानदार म्हणाला, “काका, काम तेच करतो.” काम तेच करत नाही, हे मला माहीत होतं. ओट्यावर खडूने लिहिणारा मीच होतो. मी चार दिवस थांबू शकलो असतो. मुलगी थांबा म्हणतच होती. पण ऊन होतं, आणि दोन वर्षांचं डोकं उठलेलं होतं, आणि डोळ्यांपुढे तो मिक्सर होता. एकदा तरी या माणसाच्या गाडीत पत्रा बसू दे, असं माझ्या मनात आलं. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की मला उशीर होत होता. उशीर होत नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी त्या अरुंद नजरेच्या काट्याच्या डब्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलं.

अण्णाकडे पोचलो तेव्हा मांडवासाठी बांबू येऊन पडत होते. काय काय विचारील याची उत्तरं मी सुप्यापासून पाठ करत आलो होतो. त्याने डबा हातात घेतला. मी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे पाहत होतो. तो म्हणाला, “आनलास? बरं झालं,” आणि डबा तसाच इस्माईलभाईंच्या हातात दिला.

मीच न राहवून म्हणालो, “अरे, टिचकी?”

“तू आनलाय ना? मग बघायचं काय त्यात?”

कवळीवर टिचकी मारणारा माणूस! आयुष्यात त्याने न वाजवता घेतलेली ती एकच वस्तू, आणि ती माझ्या हातची. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

इस्माईलभाई मात्र सेन्सर उलटसुलट करून म्हणाले, “अण्णा, तुम्ही पाच तारा म्हनले हुते. याला तर चारच हायेत.”

“नवीन मॉडेल आहे,” मी म्हणालो.

“मास्तर सांगतोय ना, नवीन हाय,” अण्णा त्यांच्यावरच खेकसला. “मास्तर खोटं कशाला बोलंल?”

काटा बसला. हिरव्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. पेट्रोल जास्तच होतं, ते बरोबरच होतं. इस्माईलभाईंनी कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं छिद्र, बदलून बारीक केलं, मग आणखी बारीक. काटा हिरव्याच्या अलीकडच्या काठावर येईपर्यंत. काळा धूर गेला. केडगाव ते नगर अशा दोन फेऱ्या झाल्या आणि गाडी लोण्यासारखी चालली. सपाटीवर ती चालणारच होती. अण्णा घरोघरी पत्रिका द्यायचा ती काट्याच्या वर्णनासकट. लोकांना लग्नाची तारीख विसरायला व्हायची, काट्याचा रंग लक्षात राहायचा.

पाठवणीला गाडी झेंडूने मढवली होती. अण्णा फेटा बांधून स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे नवरा-नवरी, आणि पाठीमागे वऱ्हाडाच्या जीपगाड्या. संगमनेर गेलं, अकोलं गेलं. चढ सुरू झाला. अण्णाने पाय दाबला, आणि थोड्या वेळाने इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज यायला लागला.

अण्णाने मान तिरपी केली. पन्नास वर्षं आवाज ऐकून पोट भरलेला माणूस होता तो. “मास्तर, आवाज बरा न्हाई. थांबू का?”

काटा हिरव्यात होता. चढावर जेवढं पेट्रोल लागतं तेवढं मिळत नाही, हे त्या काट्याला सांगताच येत नव्हतं, आणि त्याला ते सांगता येत नाही हे त्या गाडीत एकट्या मलाच ठाऊक होतं. मी म्हणालो, “काटा हिरव्यात आहे ना?”

“हाय की.”

“मग?”

अण्णाने स्वतःचा कान बाजूला ठेवला आणि माझ्या काट्यावर विश्वास ठेवला. पुढच्या वळणावर फट्ट झालं, निळा धूर निघाला आणि फियाट झेंडूसकट उभी राहिली.

जीपगाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या, म्हणून नवरा-नवरी राजूरच्या बाजाराला कांदे घेऊन चाललेल्या टेम्पोत पुढे बसून गेले. ऋतुजाला हसू आवरत नव्हतं; ती जाताना ओरडून म्हणाली, “आबा, टेम्पोवर टिचकी मारून बघू का?” नवरदेवाचे मामा जीपमधून उतरून डोकावले, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पाहुणे, काटा झ्याक बसवलाय. आता एखादं इंजिन पन बसवून घ्या.” सगळं वऱ्हाड हसलं. मीही हसलो. न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

अण्णा फेटा काढून बॉनेटला टेकून उभा होता. एवढंच म्हणाला, “मीच निवडला हुता.”

इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक पडलेलं निघालं. इस्माईलभाई म्हणाले की पेट्रोल कमी पडलं, पिस्टन वितळला. काट्याने दगा दिला. अण्णाने काट्याला दोष दिला नाही, दुकानाला दिला नाही, इस्माईलभाईंना दिला नाही. मला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. “दोन वर्षं निवडून मी ह्यो घेतला,” तो म्हणाला. “माझा कानच गेला म्हनायचा.” मी तिथेच लाकडी स्टुलावर बसलो होतो. तोंड उघडलं आणि ‘होतं असं कधी कधी’ असं म्हणालो.

त्यानंतर अण्णाची टिचकी बंद झाली. सुरुवातीला आम्ही सगळे सुटलो म्हणालो. भाजीवाल्या तर नवस फेडायला निघाल्या असतील. फियाट त्याने विचारणाऱ्या पहिल्याच माणसाला देऊन टाकली. कलिंगडवाला देईल ते कलिंगड घरी यायला लागलं; त्यातलं निम्मं पांढरं निघायचं आणि तो मीठ लावून मुकाट्याने खायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “भावजी, आधी अर्धा तास लावायचे म्हनून मी भांडायची. आता किडकी वांगी आनत्यात, तर भांडायचं तरी कसं?” मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी दोन भिंगं दाखवली, तर म्हणाला, “जे हाताला लागंल ते घाला.” धाकट्या नातीसाठी स्थळ आलं तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. तो उठून गोठ्याकडे गेला. गोठ्यात जनावर नव्हतं. तो नुसताच तिथे उभा राहिला. शेवटी ते स्थळ निवडलं मी. माझी पारख चांगली, असं गावात म्हणायला लागले होते!

मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा दारात पाहुणे होते, म्हणून परत आलो; पाहुणे जाईपर्यंत थांबता आलं असतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला. एवढ्यात वहिनी मुलाने आणलेल्या दोन काठ्या घेऊन आल्या. उद्यापासून धरून चालायचं होतं, त्यातली एक ठेवायची, दुसरी दुकानात परत जायची. वहिनींनी मुद्दाम त्या त्याच्या हाताशी ठेवल्या. बोट हलेल म्हणून त्या बघत होत्या. मीही बघत होतो. त्याने काठ्यांकडे पाहिलंही नाही.

“मास्तर, तू सांग. तुझ्या हातचं कधी वाईट निघालं न्हाई.”

मी डावीकडची उचलून दिली. ती वापरायची वेळ आलीच नाही.

दहावा पुणतांब्याला गोदावरीवर होता. ते त्याचं मूळ गाव. पिंड मांडले आणि सगळे मागे सरून बसले. कावळा लवकर शिवणार नाही, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. ज्याला वांगं निवडायला अर्धा तास लागायचा, तो पिंडाला इतक्यात शिवतोय होय! भावकीने सतरंज्या आणल्या होत्या, थर्मास आणले होते. एक चुलता म्हणाला, “आधी भातावर टिचकी मारंल, मग बघू.” रडतारडता लोक हसले.

मी त्यावरच भरवसा ठेवून आलो होतो. कावळा शिवत नाही तेव्हा आमच्याकडे एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्या माणसाचं जे राहिलं असेल ते मोठ्याने बोलतो. मुलगा बोलेल, जावई बोलतील, आणि कोणाच्याच बोलण्याने जमलं नाही की मी उठेन. मग सगळ्या गावादेखत बोलावंच लागेल. चहा सांगायला तिथे हॉटेल नव्हतं. केडगावपासून गाडीत मी एकच वाक्य घोकत आलो होतो. मुलगा हात जोडून पुढे होतोय तोवर मीही सतरंजीवरून अर्धा उठलो.

तेवढ्यात पिंपळावरून एक कावळा आला. त्याने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. सरळ उतरला, चोचीला लागला तो पहिलाच घास उचलला आणि गेला.

“बघा,” वहिनी पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, “काहीच मागं राहिलं नव्हतं त्यांचं.” गुरुजी म्हणाले, समाधानाने गेले. सतरंज्या झटकल्या गेल्या, न उघडलेले थर्मास उचलले गेले. मी अर्धवट उठलेला, हात जोडलेले. कोणीतरी खांद्याला धरून म्हणालं, “चला मास्तर, उरकलं.”

वाक्य एवढंच होतं : अण्णा, काटा तू बरोबरच निवडला होतास रे, मी दुसराच आणला, मला माफ कर.